शिशापाशी बारा एमईव्ही शिल्लक: जड केंद्रकांची बंधनऊर्जा आणि एक खोडलेली वही

मलप्रभाकाठी
शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, रोज खानापूरहून ये-जा. आज वर्गात जे झालं ते लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून हा धागा.

शेवटच्या वर्षाला अणुकेंद्रकाचं प्रकरण चालू आहे. द्रवबिंदू प्रतिमानाचं सूत्र मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात, हे मला फार सलतं. म्हणून आज तिघांना एकेक केंद्रक वाटून दिलं. एकाला लोह-५६, एकाला युरेनियम-२३८ आणि कणकुंबीकडून येणाऱ्या एका मुलीला शिसे-२०८. कॅल्क्युलेटर घ्या, बंधनऊर्जा काढा, प्रयोगात मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा, एवढंच काम.

ज्यांचा विषय सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केंद्रकातले सगळे प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटे करायला जेवढी ऊर्जा लागेल ती त्याची बंधनऊर्जा. वायझेकरनं १९३५ साली तिचं सूत्र मांडलं, पुढच्या वर्षी बेथे आणि बाकर यांनी ते सुटसुटीत केलं. केंद्रकाला थेंब मानायचं. दर कणामागे १५.७५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) जमा धरायचे. पृष्ठभागावरच्या कणांना शेजारी कमी, म्हणून १७.८ गुणिले वस्तुमानांकाचा (प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून एकूण संख्या, लोह-५६ मधला ५६) दोन-तृतीयांश घात वजा. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून ०.७११ गुणिले प्रोटॉनसंख्येचा वर्ग, भागिले वस्तुमानांकाचं घनमूळ, तेही वजा. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची संख्या सारखी नसेल तर २३.७ गुणिले फरकाचा वर्ग भागिले वस्तुमानांक, वजा. शेवटी दोन्ही संख्या सम असतील तर ११.१८ भागिले वस्तुमानांकाचं वर्गमूळ जमा, दोन्ही विषम असतील तर तेवढंच वजा. गुणांक पुस्तकागणिक थोडे हलतात, आम्ही हे घेतले.

युरेनियमवाल्याच्या वहीतला हिशेब असा:

घनफळ: जमा ३७४८.५
पृष्ठभाग: वजा ६८३.६
विद्युत: वजा ९७१.१
असमानता: वजा २९०.४
जोडी: जमा ०.७
एकूण: १८०४.१
मोजलेली: १८०१.७

पाच आकड्यांचं सूत्र, आणि अठराशेत अडीचचा सुद्धा फरक नाही! पोरगं खूश. लोखंडवाल्याचे ४९०.६ आले, मोजलेले ४९२.३. तोही खूश.

शिसेवाली मात्र मान खाली घालून बसलेली. वही मागितली तर देईना. शेवटी दिली. उत्तराच्या जागी खोडरबर इतक्या वेळा फिरलेलं की कागद पातळ होऊन मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. तिचं मूळ उत्तर १६२४.४, मोजलेलं १६३६.४. बारा एमईव्ही कमी. चार वेळा हिशेब करूनही बाराच. मग तिनं घनफळाचा गुणांक १५.७५ चा १५.८१ केला आणि उत्तर जुळवून टाकलं.

मी तिला म्हटलं, "तुझं पहिलं उत्तरच बरोबर होतं. ते खोडलंस ते चुकलं." वर्ग गप्प. मग तोच १५.८१ युरेनियमला लावून बघायला सांगितलं. युरेनियम १८१८ वर गेलं, म्हणजे सोळा-सतरा एमईव्हींनी जास्त. एका जागी ठिगळ लावलं की दुसरीकडे फाटतं.

ते बारा एमईव्ही सूत्राला कधीच मिळणार नाहीत, कारण शिसे-२०८ हा नुसता थेंब नाही. शिकवताना आपण जुळलेले आकडे दाखवतो आणि न जुळलेले झाकतो. आज वाटलं, शिकवायचं ते नेमकं या न जुळलेल्या आकड्यापासून. तुमच्यापैकी कुणी हे करून पाहिलंय का?

उद्यमबागवाला
शनिवार, रात्री १०:०२

सर, मी फौंड्रीत काम करतो, बारावी सायन्सनंतर शिक्षण सुटलं. पण थेंब म्हटल्यावर राहवलं नाही. लॅडलमधून रस ओतताना शिंतोडे उडतात. वाळूवर पडून थंड झाले की बारीक मणी होतात, अगदी गोल, मोहरीएवढे. थोडा मोठा सांडला तर मात्र पसरून भाकरीसारखा चपटा होतो. लहान तेवढा गोल, मोठा तेवढा पसरट, हे रोज बघतो.

माझी शंका अशी. आमच्याकडे मोठ्या थेंबाला त्याचं वजनच चपटं करतं. केंद्रकात हे काम कोण करतं? आणि सगळ्यात घट्ट बांधलेलं लोखंड असं शाळेत शिकवलेलं, ते लोखंडच का?

मलप्रभाकाठी
शनिवार, रात्री १०:४०

दादा, इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात अजून कुणी विचारलेला नाही.

केंद्रकात वजनाचं काम प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण करतं. कणांना धरून ठेवणारं केंद्रकीय बल फार जवळचं, एक-दोन फेमटोमीटरच्या, म्हणजे शेजारच्या कणाच्या, पलीकडे पोचतच नाही. म्हणून प्रत्येक कण फक्त शेजाऱ्याला धरतो. प्रतिकर्षण मात्र लांबवर जातं. युरेनियमातला एक प्रोटॉन उरलेल्या एक्क्याण्णवांना ढकलत असतो, पार पलीकडच्या टोकाच्यालासुद्धा. थेंब वाढेल तसं धरणं शेजारापुरतं राहतं आणि ढकलणं वाढत जातं.

आता लोखंड. दर कणामागे किती खर्च होतो ते बघा. लोह-५६ मध्ये पृष्ठभागापायी ४.६५ एमईव्ही जातात, प्रतिकर्षणापायी २.२४. युरेनियममध्ये पृष्ठभागापायी फक्त २.८७, पण प्रतिकर्षणापायी ४.०८, शिवाय न्यूट्रॉन जास्त झाल्याचे आणखी १.२२. लहान केंद्रकाला पृष्ठभाग महाग, मोठ्याला प्रतिकर्षण महाग. दोन्हींची बेरीज जिथं सगळ्यात कमी भरते ती जागा लोखंड-निकेलच्या आसपास. म्हणून हलकी केंद्रकं जुळली तर ऊर्जा सुटते आणि जड केंद्रकं फुटली तर सुटते.

तुमचा चपटा थेंब तर थेट विखंडनाचा, म्हणजे केंद्रक दुभंगण्याचा आहे. केंद्रक जरा लांबट झालं की पृष्ठभाग वाढतो, ते त्याला परत गोल करू बघतं. पण प्रोटॉन एकमेकांपासून लांब गेल्यानं प्रतिकर्षण कमी होतं, ते आणखी लांबट व्हायला सांगतं. प्रोटॉनसंख्येचा वर्ग भागिले वस्तुमानांक हा आकडा पन्नासच्या आसपास गेला की गोल राहणंच शक्य नाही. तो पन्नास आमच्याच गुणांकांतून निघतो, पृष्ठभागाच्या गुणांकाची दुप्पट भागिले विद्युत गुणांक. युरेनियम-२३८ ला तो ३५.६ आहे. म्हणजे टिकतं, पण कडेलोटापासून फार लांब नाही. १९३८ च्या डिसेंबरात लिझे माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये बर्फातून चालता चालता हाच थेंब डोळ्यांसमोर आणला आणि एका केंद्रकाच्या फुटण्यातून सुमारे २०० एमईव्ही सुटतील असा हिशेब मांडला. पुढच्या वर्षी बोर आणि व्हीलर यांनी त्याचं पूर्ण गणित केलं.

शहापूर_ते_मुंबई
शनिवार, रात्री ११:३०

धागा फार आवडला. मूळचा बेळगाव-शहापूरचा, आता मुंबईत याच विषयात संशोधन करतो. दोन-तीन गोष्टी घालतो.

सगळ्यात घट्ट लोह-५६ हे बऱ्याच पुस्तकांत छापलेलं असतं, पण दर कणामागच्या बंधनऊर्जेत पहिला नंबर निकेल-६२ चा, ८.७९५ एमईव्ही. मग लोह-५८ ८.७९२, मग लोह-५६ ८.७९०. लोह-५६ पहिलं येतं ते दर कणामागच्या सगळ्यात कमी वस्तुमानात. ही दोन वेगळी मापं आहेत, कारण न्यूट्रॉन प्रोटॉनापेक्षा किंचित जड असतो.

दुसरं, सर, "मोजलेली" ऊर्जा मुलं सुट्या कणांच्या एकूण वस्तुमानातून केंद्रकाचं वजा करून काढतात तेव्हा एका ठिकाणी हमखास घसरतात. तक्त्यात अणूचं वस्तुमान असतं, केंद्रकाचं नाही. युरेनियमच्या बाबतीत त्यात ९२ इलेक्ट्रॉनही आले. म्हणून वजाबाकीत सुटा प्रोटॉन न घेता हायड्रोजनचा अख्खा अणू घ्यायचा, १.००७८२५ अणुवस्तुमान एकक. सुटा प्रोटॉन घेतला तर प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे ०.५११ असे ९२ चे ४७ एमईव्ही गायब होतात आणि युरेनियम १८०१ ऐवजी १७५४ वर येतं. सूत्र चुकलं असं वाटतं, चुकलेली असते आपली वजाबाकी.

आणि सरांच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. आज मोजलेली वस्तुमानं अडीच हजारांच्या आसपास आहेत. त्या सगळ्यांना हे पाच गुणांक बसवले तर सरासरी चूक तीनेक एमईव्हीची राहते. अंदाधुंद राहिली असती तर विषय तिथंच संपला असता. पण ती शिस्तीत राहते, आणि चूक शिस्तीत असली की तिच्यामागे काहीतरी खरं असतं.

बैलहोंगल_९
रविवार, सकाळी ७:१५

आमच्या तालुक्यात देशनूरला कलादगी खोऱ्यातल्या वालुकाश्मात अणुखनिजवाल्यांनी युरेनियम शोधलंय हे लहानपणापासून ऐकतो. माझा प्रश्न अगदी साधा. इतकं कडेलोटावर असलेलं केंद्रक दगडात कोट्यवधी वर्षं टिकलं कसं?

शहापूर_ते_मुंबई
रविवार, सकाळी ८:५०

साधा प्रश्न नाही हा. ऊर्जेच्या हिशेबानं युरेनियम-२३८ ला फुटून जाणं कधीही परवडतं. अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठा) टाकला तर ४.२७ एमईव्ही सुटतात. पण बाहेर पडायला मध्ये विद्युत बलाची भिंत आहे, तिच्यापेक्षा बरीच उंच. चढून जाणं शक्य नाही, आरपार जाण्याची शक्यता मात्र शून्य नसते. हे गामॉनं १९२८ साली दाखवलं, आणि ती शक्यता ऊर्जेवर भयंकर अवलंबून असते. थोरियम-२३२ ला सुमारे ४.०८ एमईव्ही मिळतात, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १४ अब्ज वर्षं. पोलोनियम-२१२ ला ८.९५ मिळतात, अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीच्या थोडी वर, आणि आयुष्यात एकावर चोवीस शून्यांचा फरक.

तुमच्या दगडातल्या युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं, जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढं. म्हणजे पृथ्वी झाली तेव्हाच्या युरेनियम-२३८ पैकी निम्मं अजून शिल्लक आहे. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य ७० कोटी वर्षं, त्यामुळे आजच्या युरेनियमात ते ०.७ टक्क्यावर आलंय.

म्हणूनच प्रतिमान बनवणाऱ्याला एक एमईव्हीची चूकही परवडत नाही. बंधनऊर्जेत तेवढं चुकलं की आयुष्याचा अंदाज लाखो पटींनी चुकतो.

काळीपलीकडे
रविवार, सकाळी ९:२०

कैगाचं अणुवीज केंद्र आमच्या कारवार तालुक्यात. तिथं नैसर्गिक युरेनियम जळतं, त्यात हे ०.७ टक्केच कामाचं, असं सांगतात. २३५ आणि २३८ मध्ये फरक अवघ्या तीन न्यूट्रॉनांचा. मग एक फुटतं आणि दुसरं नाही, असं का?

मलप्रभाकाठी
रविवार, सकाळी १०:०५

याचं उत्तर सूत्राच्या शेवटच्या पदात आहे. मुलं "०.७ च तर आहे" म्हणून ते सोडून देतात.

मंद न्यूट्रॉन आत शिरला की त्याची बंधनऊर्जा केंद्रकाला मिळते. ती विखंडनाचा उंबरठा ओलांडायला पुरली तर केंद्रक फुटतं. उंबरठा साधारण सहा एमईव्हीचा. २३५ मध्ये न्यूट्रॉन विषम आहेत, एक बिनजोडीचा. नवा आला की जोडी जमते आणि ६.५ एमईव्ही मिळतात. उंबरठा पार. २३८ मध्ये सगळे आधीच जोडीनं बसलेले, नवा आलेला एकटा पडतो, ४.८ च मिळतात. अलीकडेच राहिला. फरक १.७ चा, आणि त्यातले सुमारे १.५ एकट्या जोडी-पदाचे. ही तुमच्या कॅल्क्युलेटरवर होणारी वजाबाकी आहे.

कैगाच्या पहिल्या युनिटनं २०१८ साली सलग ९६२ दिवस न थांबता चालण्याचा पराक्रम केला, तो याच ०.७ टक्क्यावर. जड पाणी न्यूट्रॉन मंद करतं, फारसे गिळत नाही, म्हणून नैसर्गिक युरेनियमवर भागतं.

निपाणकर_गुरुजी
रविवार, दुपारी १२:३०

चाळीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. माझी मुलं पुढे कॉलेजात गेली की पहिले सहा महिने शब्दांशीच झगडायची. केंद्रक माहीत असायचं, पण तासाला कानावर पडणारा शब्द वेगळा. त्यामुळे असलं गणित मराठीत मांडलेलं वाचून फार बरं वाटलं.

एक सुचवतो. मोजलेल्या आणि काढलेल्या आकड्यातल्या फरकाला काही पुस्तकं "अवशेष" म्हणतात. अवशेष म्हटलं की पडका वाडा आठवतो. धाग्याच्या नावात सरांनी "शिल्लक" घातलंय, तोच शब्द राहू द्या. शिल्लक म्हणजे ज्याचा हिशेब अजून द्यायचाय ते. त्या मुलीला माझा निरोप सांगा, की पान खोडायचं नाही, शिल्लक पुढच्या पानावर ओढायची.

आता त्या बारांचा हिशेब द्या बघू.

शहापूर_ते_मुंबई
रविवार, दुपारी २:१५

गुरुजी, देतो.

थेंबात सगळे कण सारखे. खऱ्या केंद्रकात मात्र प्रत्येकाची ठरलेली पातळी असते, पायऱ्यांसारखी. काही पायऱ्या जवळ जवळ, मग एकदम मोठी फट, मग परत जवळ जवळ. फटीच्या अलीकडच्या सगळ्या जागा भरल्या की केंद्रक जास्त घट्ट होतं. त्या संख्या म्हणजे २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. सुरुवातीच्या तीन साध्या गणितातून मिळतात, पुढच्या मिळेनात. १९४९ साली मारिया गेपर्ट मायर आणि, स्वतंत्रपणे, हान्स येन्सन यांनी दाखवलं, की कणाचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि केंद्रकातलं फिरणं एकाच दिशेचं असेल तर पातळी बरीच खाली जाते आणि विरुद्ध असेल तर वर. एवढं धरलं आणि सगळ्या संख्या आपोआप आल्या. दोघांना १९६३ चं नोबेल.

शिशात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. दोन्हीकडच्या जागा पूर्ण भरलेल्या. ते बारा एमईव्ही या भरलेपणाचे. कथील-१३२ बघा, ५० आणि ८२. याच गुणांकांनी १०८५.६ येतात, मोजलेले सुमारे ११०२.८. शिल्लक सतरा!

१९६७ साली स्ट्रुटिन्स्कीनं दोन्हींचा मेळ घालायची रीत दिली. थेंबाची ऊर्जा थेंबाकडून घ्यायची, आणि पायऱ्यांमुळे होणारी कमी-जास्त वेगळी काढून वर मिळवायची. आजची चांगली प्रतिमानं या वाटेनं सरासरी चूक अर्ध्या एमईव्हीच्या आसपास आणतात. अतिजड मूलद्रव्यं तर या शिल्लकेवरच जगतात. थेंबाच्या हिशेबानं त्यांना विखंडनाचा उंबरठा जवळजवळ उरत नाही, जो उरतो तो कवचांचा, म्हणजे या पायऱ्यांच्या गटांचा. ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन यांच्या आसपास टिकाऊ केंद्रकांचं बेट असावं हा अंदाज तिथूनच आला. ११८ पर्यंतची मूलद्रव्यं बनवून झाली आहेत, पण १८४ न्यूट्रॉनांपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

उद्यमबागवाला
रविवार, दुपारी ३:००

वाचनखूण साठवली. थेंबाच्या आत पायऱ्या आहेत ही कल्पना डोक्यातून जाईना झालीय.

कणकुंबीची
रविवार, रात्री ८:४५

सर, मी शिसेवाली. मैत्रिणीनं धागा पाठवला. गुरुजी, तुमचा निरोप मिळाला. पान फाडलं नाही, खोडलेल्या जागेवर पेनानं १६२४.४ परत लिहिलं आणि खाली लिहिलं, शिल्लक १२.०.

आज दिवसभर पाऊस आणि लाईट जाऊन-येऊन, तरी दादाच्या लॅपटॉपवर सम-सम केंद्रकांचे तक्ते भरले. आधी फक्त हलकी घेऊन गुणांक बसवून पाहिले, साठच्या खालची. तर युरेनियमचं उत्तर कुठल्या कुठे गेलं. घनफळ आणि पृष्ठभाग यांचे गुणांक एकमेकांच्या जोडीनं सरकतात, एक वाढला की दुसरा वाढतो, आणि हलक्यांत ते कळत नाही. म्हणून मग सोळापासून पुढची सगळी घेतली.

शिल्लक उभ्या अक्षावर, न्यूट्रॉनसंख्या आडव्यावर. ५०, ८२ आणि १२६ ला टोकं आली सर! कुणी सांगितलेलं नव्हतं असं समजून बघितलं, तरी दिसतात. मधल्या भागात सगळं शून्याच्या खाली झोळीसारखं लोंबतं.

एक शंका आहे. युरेनियमच्या पलीकडच्या केंद्रकांची दोन न्यूट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा वेगळी काढली. ती १५२ न्यूट्रॉनांपर्यंत बेतानं उतरते आणि मग जरा जास्त घसरते. फर्मियमला दिसतं, नोबेलियमलाही. १५२ तर वरच्या त्या सात संख्यांत नाही. तीनदा तपासलं. खोडलेलं नाही.

शहापूर_ते_मुंबई
रविवार, रात्री ९:३०

अजिबात खोडू नकोस. खरं आहे ते. तिथली केंद्रकं गोल नाहीत, लांबट आहेत, उद्यमबागच्या दादांच्या चपट्या थेंबाचे भाऊबंद. आकार बदलला की पायऱ्यांची मांडणी बदलते आणि १५२ ला एक छोटी फट पडते. जर्मनीत डार्मश्टाटला नोबेलियम आणि लॉरेन्सियम यांची वस्तुमानं सापळ्यात धरून थेट मोजली, तिथं ही फट किती मोठी ते पक्कं झालं, २०१२ साली.

मलप्रभाकाठी
रविवार, रात्री ९:५५

उद्या पहिल्या तासाला आलेख घेऊन ये. लॅपटॉप नको, कागदावर मोठा काढून आण, आडवा अक्ष १८४ पर्यंत. प्रोजेक्टरच्या भिंतीवर चिकटवू. लोखंडवाल्याला आणि युरेनियमवाल्याला मी फोन केलाय, ते आपापले ठिपके स्वतः घालतील.